काशीतील आपली घरे आणि त्यांतील वस्ती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आम्हांस काशीत पोहोचले, तेव्हा विषय आम्हीच ठरवावा असे आपल्या चिटणीसांनी मोठ्या उदारपणे कळविले होते. काशीहून येणारा वक्ता म्हटला की श्रोते गंगा, विश्वेश्वर, मणिकर्णिका आणि मोक्ष यांविषयी ऐकण्याची तयारी करून बसतात. मोक्षाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही आज घरांविषयी बोलणार आहोत. ज्या घरांत माणसे झोपतात, स्वयंपाक करतात, भांडतात, मुलांना परवचा शिकवितात आणि म्हातारी होतात, अशा काशीच्या जुन्या भागातील घरांविषयी. हा विषय इतक्या दूर येऊन मांडण्याचे कारण असे की, त्या घरांपैकी कितीतरी घरांतील हिस्से आपल्यासारख्या दूरदेशी गेलेल्या कुटुंबांच्या नावे आहेत, आणि पुष्कळांना ते आठवतही नाही.

काशी गंगेच्या पश्चिम काठी धनुष्यासारखी वळली आहे. दशाश्वमेधापासून उत्तरेस राजघाटाच्या दिशेने निघाले म्हणजे घाटांच्या माथ्यावर दगडी घरांची जी दाटी लागते, तिला तिकडे पक्का महाल म्हणतात. चुनारच्या वालुकाश्माची तीन-तीन, चार-चार मजल्यांची घरे, मध्ये चौक, चौकाभोवती ओसऱ्या, उंच पायऱ्यांचा अंधारा जिना, आणि घराघरांमधून जेमतेम दोन माणसे व एक बैल जाऊ शकेल अशा गल्ल्या. (बैलाला अग्रहक्क असतो, हे काशीस जाऊन आलेल्यांना सांगावयास नको.) ज्येष्ठाच्या उन्हात या गल्ल्या थंड राहतात, कारण ऊन त्यांच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. या महालातील ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, मंगळागौरी, रामघाट हा पट्टा म्हणजे मराठी काशी.

ही वस्ती यात्रेकरूंची नव्हे. पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीत पूर्ण केले, ते काही यात्रेच्या आठ दिवसांत झाले नाही. त्याच पैठणहून रामेश्वर भट्टांचे घराणे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात येऊन येथे स्थिरावले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांच्या पुढाकाराने त्या शतकाच्या अखेरीस विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले. त्यांचे नातू कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये निर्णयसिंधु सिद्ध केला, आणि त्याच कुळातील गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आले. एका गल्लीतून एवढे निघावे यासाठी त्या गल्लीत तीन-चार पिढ्या सलग राहाव्या लागतात.

अठराव्या शतकात पेशव्यांचे पाठबळ मिळाले. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीस येऊन राहिले आणि ब्रह्माघाट, दुर्गाघाट यांची बांधकामे त्यांच्या पुढाकाराने झाली. १७३५ मध्ये बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस आल्या. पंचगंगेवरील बिंदुमाधवाचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुन्हा बांधले. विश्वेश्वराचे आजचे मंदिर १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनी उभारले. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, बायजाबाईंनी १८२८ मध्ये ज्ञानवापीच्या विहिरीवर घातलेला मंडप, ही यादी आपणां सर्वांस पाठ आहे. मराठी माणूस काशीस गेला की ती अभिमानाने म्हणतो आणि परतीची गाडी पकडतो.

त्या यादीत एक गोष्ट मात्र नसते. ज्यांनी घाट बांधले त्यांनी घाटामागे माणसे राहतील याचीही तजवीज केली होती. अन्नछत्र होते, म्हणून देशावरून आलेल्या विद्यार्थ्याला दोन वेळची भ्रांत नव्हती. पाठशाळा होत्या, म्हणून शास्त्र्यांना काम होते. वर्षासने व दक्षिणा होत्या, म्हणून त्यांच्या घरी चूल पेटत होती. आणि वाड्याचा कारभार पाहणारा कारभारी होता, म्हणून पावसाळ्यापूर्वी गच्चीला चुना लागत होता. घर, उपजीविका आणि डागडुजीचा पैसा, ही तीनही एकत्र असल्यावाचून शहराच्या मध्यावर वस्ती टिकत नाही, हे त्या दानशूरांना नगररचनेचे एकही पुस्तक न वाचता कळले होते.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली तरी वस्ती बुडाली नाही. चिमाजी अप्पा पेन्शन घेऊन काशीस आले. त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांची कन्या मणिकर्णिका काशीतच जन्मली. पुढे ती झाशीची राणी झाली. नंतरच्या शतकात याच मराठी काशीने हिंदीला तिचे एक थोर संपादक दिले. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ मध्ये काशीत जन्मले, १९२० मध्ये निघालेल्या 'आज' दैनिकाला त्यांनी आकार दिला आणि १९५५ मध्ये काशीतच देह ठेवला. मराठी घरात वाढावे आणि हिंदी छापखान्यात नाव काढावे, हे त्या गल्ल्यांत कोणालाही विसंगत वाटत नसे. परप्रांतात कसे राहावे याचा तो वस्तुपाठ होता, आणि आपल्यासारख्या मंडळांना त्याचे महत्त्व अधिक कळेल.

मग वस्ती पातळ का झाली? या प्रश्नाचे उत्तर देताना 'नव्या पिढीला धर्म नको झाला' असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. आम्हांस ती पटत नाही. लोक गेले ते सबळ कारणांनी गेले.

१९१६ मध्ये शहराच्या दक्षिण टोकाला हिंदू विश्वविद्यालय निघाले आणि शिकल्यासवरल्यांचा ओढा अस्सी व लंकेकडे वळला. पुढे सिगरा, महमूरगंज अशा भागांत अंगण असलेली, उजेडाची, दाराशी मोटार उभी राहील अशी घरे होऊ लागली. इकडे संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले, आणि त्यांच्या आश्रयावर चालणाऱ्या व्यवस्थांचा आधार तुटला. कारभारी गेला आणि गच्चीला चुना लागावयाचा राहिला. १९७२ मध्ये उत्तर प्रदेशात भाडेनियंत्रणाचा नवा कायदा आला. भाडेकरूचे रक्षण हा त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु भाडे जेथल्या तेथे थिजले, तेव्हा मालक म्हणू लागला की एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करावी, आणि भाडेकरू म्हणू लागला की दुसऱ्याच्या घरावर आपण खर्च का करावा. दोघांचेही बरोबर होते. भिंत मात्र दोघांची वाट पाहत थांबली नाही.

१९७८ च्या पुरात गंगा वाराणसीस ७३.९० मीटरपर्यंत चढली. धोक्याची खूण ७१.२६ मीटरवर आहे. आजवरच्या नोंदींतील तो सर्वांत मोठा पूर. पुराचे पाणी उतरते, पण दगडात मुरलेली ओल उतरत नाही. खालचे मजले पुष्कळ घरांत तेव्हापासून निरुपयोगी झाले. त्यात गंगाकाठापासून २०० मीटरच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला बंदी आहे. बंदी योग्यच आहे, नाही तर घाटांच्या माथ्यावर आज काचेचे मनोरे दिसले असते. तथापि पडकी भिंत जशीच्या तशी उभी करावयाची तरी परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, आणि प्रामाणिक मनुष्य त्या खेट्यांनी जितका थकतो तितका दांडगा थकत नाही.

शिवाय रोजचे जिणे पाहा. गॅसची टाकी खांद्यावरून येते. घरात कोणाला झटका आला तर रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबते. तेथवर माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी न्यावे लागते, आणि ते चौघे शेजारी घरात असावे लागतात. गच्चीवर वाळवण घालावे तर माकडांची स्वारी येते. साठ उंच पायऱ्या सत्तरीच्या बाईने दिवसातून किती वेळा चढाव्यात? ज्यांनी पक्का महाल सोडून उजेडाचे घर घेतले, त्यांना दूषण देण्याचा अधिकार लिफ्टच्या घरात राहणाऱ्या कोणालाही नाही.

हे सर्व खरे असूनही वस्ती हळूहळू पातळ होत गेली असती आणि हळूहळू सावरलीही असती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे घडले ते वेगळे आहे. त्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतून आपणांपर्यंत त्याची एकच बाजू पोहोचत असावी.

प्रथम जे चांगले झाले ते मनमोकळेपणे मान्य केले पाहिजे. शहराच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर जुन्या भागातील विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या. २०१५ मध्ये सुरू झालेले हे काम २०१७ अखेर पुरे झाले. डोक्यावर लोंबणाऱ्या तारांचे ते जाळे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच त्याची किंमत कळेल. घाट स्वच्छ झाले, दिवे लागले. मग विश्वनाथधामाचा प्रकल्प आला. ८ मार्च २०१९ रोजी पायाभरणी झाली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण. पूर्वी मंदिराचे आवार तीन हजार चौरस फुटांच्या आसपास होते, ते सुमारे पाच लाख चौरस फूट झाले. श्रावणी सोमवारी त्या बोळांतून जिवाच्या भीतीने रेटले जाणारे वृद्ध आज मोकळ्या प्रांगणात उभे राहतात, गंगेवरून सरळ देवापर्यंत चालत जातात. घरे पाडताना घरांच्या पोटात दडलेली चाळीसहून अधिक लहानमोठी देवळे उघडी झाली. प्रांगणात अहिल्याबाईंची मूर्ती आहे. मराठी यात्रेकरू तिच्यासमोर छायाचित्र काढून घेतो आणि त्याचा ऊर भरून येतो, आमचाही येतो.

तथापि त्या पाच लाख चौरस फुटांवर पूर्वी काय होते? तीनशेहून अधिक मालमत्ता सरकारने विकत घेतल्या. मालक, भाडेकरू, दुकानदार मिळून सुमारे चौदाशे जणांचे पैसे देऊन पुनर्वसन झाले. लाहोरी टोला नावाचा एक जुना मोहल्लाच त्यात गेला. मोबदला मिळाला नाही असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळांना तो बराही मिळाला. म्हणणे इतकेच की त्या जागी रात्री आता कोणी झोपत नाही. दिवसा लाखभर माणूस येते आणि रात्री पहारेकरी राहतात. देवाच्या शेजारी संसार होता, तो उठला. उघड्या झालेल्या त्या देवळांतील देवांना वास्तविक पूर्वी घरातल्यांच्या हातचे पाणी मिळत होते, ही गोष्ट आनंदाच्या भरात विसरली गेली.

प्रकल्पाचा परिणाम त्याच्या हद्दीवर थांबत नाही. यात्रेकरूंचा लोंढा वाढला तशी आसपासच्या प्रत्येक जुन्या घराला किंमत आली, आणि येथेच खरी गोम आहे. आज पक्क्या महालातील घराला गिऱ्हाईक मिळते ते राहणाऱ्याचे नव्हे, उतरणाऱ्याचे. चौकात काचेचे छप्पर घालावे, ओसऱ्या बंद करून खोल्या पाडाव्यात, प्रत्येक खोलीला न्हाणीघर लावावे, गच्चीवर गंगेकडे तोंड करून खुर्च्या मांडाव्यात, की वाड्याचे गेस्ट हाऊस झाले. दोनशे वर्षे एका कुटुंबाच्या पाण्याला पुरलेले गटार वीस न्हाणीघरांच्या पाण्याला कसे पुरावे, याचा विचार कोणी करीत नाही. जेम्स प्रिन्सेप साहेबाने १८२० च्या दशकात शहराचे सांडपाणी जमिनीखालून नेण्याची जी कामे केली, त्यांच्यावर आपण अजून किती भार टाकणार आहोत?

देवदिवाळीचेच पाहा. कार्तिकी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर दिवे लावण्याचा प्रघात जुना. तेथील दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जातो. १९८० च्या दशकात आसपासच्या रहिवाशांनीच घरोघरून तेल गोळा करून तो उत्सव वाढीस लावला. आज त्या रात्री नावेतील एका जागेसाठी आणि गंगेकडील खिडकीसाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात. उत्सव भव्य झाला, यात शंका नाही. पण ज्या घरातून तेल येई त्याच घरातील खिडकी आता विक्रीला आहे.

यावर कोणी म्हणेल, यात बिघडले काय? मालकाला चार पैसे मिळतात, घर दुरुस्त होते, पाहुणे खूष होतात. जिथे कुटुंब स्वतः राहून दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देते, तिथे काहीच बिघडत नाही. उलट आम्ही त्याचे स्वागत करतो, काशीकरांनी यात्रेकरू उतरवून घेणे ही तर जुनी वृत्ती आहे. बिघडते ते कुटुंबच निघून जाते तेव्हा. पाहुण्याला दूध लागत नाही, चहा लागतो. त्याला शाळा लागत नाही, रात्रीचा वैद्य लागत नाही, पिठाची गिरणी लागत नाही. म्हणून आधी गिरणी बंद होते, मग प्राथमिक शाळा ओस पडते, मग उरलेली दहा कुटुंबे म्हणतात की आता येथे राहणे कठीण, आणि तीही जातात. रुग्णाची खुर्ची उचलणारे ते चौघे शेजारी आम्ही मघाशी सांगितले; गेस्ट हाऊसात ते मिळत नाहीत. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्ज या विदुषीने १९६१ मध्ये एक गाजलेला ग्रंथ लिहून दाखवून दिले की रस्ता सुरक्षित राहतो तो प्रामुख्याने खिडकीतून लक्ष ठेवणाऱ्या शेजाऱ्यांमुळे. आमच्या गल्लीतील आजींनी तो ग्रंथ वाचला नव्हता, पण अनोळखी मनुष्य वळणावर दिसताच "कोणाकडे जायचंय?" हा प्रश्न वरून आल्यावाचून राहत नसे.

आणखी एक गोष्ट वस्तीवाचून होत नाही, ती म्हणजे विद्या. रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आजही चालते. २०२५ मध्ये अहिल्यानगरचा देवव्रत महेश रेखे हा एकोणीस वर्षांचा तरुण तेथे शुक्ल यजुर्वेदाच्या सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण पन्नास दिवसांत तोंडपाठ पूर्ण करता झाला. साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत झालेल्या प्राणप्रतिष्ठेचे प्रमुख आचार्य पंडित लक्ष्मीकांत दीक्षित हेही मंगळागौरी भागातील मराठी गृहस्थ. त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले. असे विद्वान घडतात ते गुरूचे घर, विद्यार्थ्याची खोली आणि भोजनाची पंगत पायी चालण्याच्या अंतरात असतात म्हणून. गुरू महमूरगंजला, विद्यार्थी वसतिगृहात आणि पंगत बंद, असे झाले म्हणजे फलक तेवढा उरतो.

शहराचा मध्य रिता होण्याचे हे दुखणे काशीचे एकटीचे नाही. आपण ज्या देशांत व शहरांत राहता तेथेही संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर डाउनटाउनमध्ये शुकशुकाट होतो, हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. त्या कचेऱ्यांची घरे करण्याची खटपट आता तेथेही चालू आहे. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे तीच, कालवे तेच, पाहुणे लाखोंनी, आणि रहिवासी नाहीत. काशीची तुलना व्हेनिसशी करण्याची हौस पुष्कळांना आहे. त्यांनी हा आकडाही सांगत जावा.

मलेशियातील पेनांगच्या जॉर्ज टाउनचे उदाहरण आमच्या अधिक जवळचे आहे. तेथेही भाडेनियंत्रणाचा जुना कायदा होता. २००० साली तो उठला. भाडी वाढली, पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू निघून गेले, आणि रिकाम्या घरांपैकी कित्येकांत लोकांनी पाकोळ्या पाळल्या, कारण त्यांच्या खाद्य घरट्यांना मोठा भाव येतो! माणसांपेक्षा पाखरे किफायतशीर ठरली. ही गोष्ट आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. उत्तर प्रदेशातही १९७२ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा भाडेकायदा आला आहे.

याउलट इटलीतील बोलोन्या. १९७३ मध्ये तेथील नगरपालिकेने जुन्या शहरातील घरांची दुरुस्ती हाती घेतली ती एका अटीवर. मालकाला दुरुस्तीसाठी मदत मिळे, आणि मोबदल्यात त्याने भाडे ठरावीक ठेवून जुन्याच रहिवाशांना पुन्हा घरात घ्यावयाचे. काम चालू असेतोवर त्यांच्यासाठी जवळच तात्पुरती घरे राखून ठेवली होती. भिंतीइतकेच भिंतीआडचे माणूसही जतन करावयाचे असते, हे तत्त्व त्या योजनेत होते. सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले नाही, तरी पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे अहमदाबादेत पोळांतील जुन्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकून त्या पैशांत घर दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारशाच्या यादीत गेले. वाराणसीचा नदीकाठ २०२१ पासून त्या यादीच्या उमेदवारांत आहे. तशी सोय काशीतही व्हावी, अशी मागणी करण्यास हीच वेळ आहे.

आता आपणांकडे आम्ही काय मागतो ते सांगतो. वर्गणी मागत नाही, भिऊ नये.

काशीतील पुष्कळ मराठी घरांची गत अशी की मूळ पुरुष एक, आणि आज हिस्सेदार तीस. काही पुण्यास, काही नागपुरास, काही इंदूर-ग्वाल्हेरीस, काही आपल्यासारखे समुद्रापलीकडे. कागदावर पणजोबांचेच नाव. कोणाला विकावयाचे आहे, कोणाला ठेवावयाचे आहे, बहुतेकांना काहीच ठरवावयाचे नाही. अशा घराची दुरुस्ती कोणी करू शकत नाही. मग एक दिवस चतुर मनुष्य येतो, तिघा-चौघा गरजू हिस्सेदारांची सही स्वस्तात घेतो आणि उरलेल्यांना वर्षानुवर्षे कोर्टात झुलवितो. पक्का महाल हातचा जातो तो बव्हंशी असा, तिशीतल्या पंचविसांच्या आळसाने. हिस्सेदारांनी एकत्र येऊन एकाच्या नावे मुखत्यारपत्र करावे, वारसनोंद करून घ्यावी, गृहकर भरावा. हे काम नीरस आहे. परंतु घाट बांधण्याचे पुण्य आता उपलब्ध नाही. जे उपलब्ध आहे ते हे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या त्या घरात आज जो भाडेकरू आहे, तो बहुधा मराठी नाही. गुजराती असेल, बंगाली असेल, नेपाळी असेल, काशीचाच भोजपुरी बोलणारा असेल. तो नाममात्र भाडे देतो म्हणून आपल्या घरी त्याच्याविषयी चांगले बोलले जात नसेल. परंतु तुळशीला पाणी त्याने घातले, पुरात चौकातला गाळ त्याने उपसला, गच्चीची फट मेणकापडाने त्याने झाकली. आपण नव्हतो तेव्हा तो होता. २०२१ च्या कायद्याने लेखी करार आणि मुदत यांची सोय झाली आहे, आणि तिचा उपयोग दोन प्रकारे करता येतो. जुन्याला काढून वाडा हॉटेलवाल्यास देता येतो. किंवा त्याच्याशीच रीतसर करार करून, भाडे त्याच्या ऐपतीप्रमाणे वाढवून, वाढीचा पैसा घराच्याच दुरुस्तीला लावता येतो. रिकाम्या मजल्यांवर विश्वविद्यालयातील संशोधक, परिचारिका, शाळेतील शिक्षिका, संगीत शिकावयास आलेली मुले ठेवता येतील. युनेस्कोने काशीस २०१५ मध्ये संगीतनगरी म्हटले आहे. तबला बडविणाऱ्या विद्यार्थ्याला खोली देण्यास मात्र घरमालक कुरकुरतात. पक्क्या महालाच्या जाड भिंती याच कामासाठी आहेत असे आम्हांस कधी कधी वाटते.

त्या वस्तीत मराठी किती उरतील हे आम्हांस सांगता येत नाही. ब्रह्माघाटाच्या दत्तमंदिरात आरती मराठीत होत राहावी, भाद्रपदातला गणपती गल्लीतून मिरवावा, अशी इच्छा कोणाला नसेल? पण गल्लीत माणूसच नसेल तर आरती कोणत्याच भाषेत होणार नाही. आम्हांस बंगाली शेजाऱ्यासह मराठी काशी चालेल, रिकामी मराठी काशी चालणार नाही.

जाता जाता एक खूण सांगून ठेवतो, तेवढी घरी गेल्यावर पडताळून पाहावी. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कागदांत वाराणसीचे एखादे खरेदीखत, कराची पावती किंवा जुने पोस्टकार्ड निघाले, तर त्यावर घराचा क्रमांक असतो आणि त्याच्या आरंभी अक्षर असते. 'के' असेल तर घर कोतवाली विभागातील, म्हणजे ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूचे. 'सीके' म्हणजे चौक. 'डी' म्हणजे दशाश्वमेध. तो क्रमांक आपल्या चिटणीसांमार्फत आम्हांकडे पाठवावा. घर उभे आहे की नाही, त्यात कोण राहते आणि गच्चीची स्थिती काय, इतके आम्ही पायी जाऊन पाहून येऊ आणि पत्राने कळवू.